मालक, बॅटरी पाहून घ्या

आमचं मूळ जळगाव जामोदकडलं, बाप भाजीपाला पिकवे, पण मले गाडीचं येड, म्हणून खामगावले ट्रकवर राहून डायवरकी शिकलो अन् मंग संग्रामपूरकडच्या एका बड्या शेतकऱ्याच्या मोटारीवर लागलो. महाराष्ट्र नुकताच झाला होता तवाची गोष्ट. मालक माणूस चांगला, पण लय संशयी, पेट्रोल टाकलं की काडी बुडवून पाहत. मीबी काही कमी नव्हतो, बॉनेटले कोणाचा हात लागलेला मले खपत नसे. तुम्हीबी लिहून राह्यले तं सांगतो तेच लिहा.

मालकाच्या पोरीचं लगन निघालं. त्यासाठी अकोल्याहून नवी बॅटरी आणली, म्याच बसवली. आमच्याकडं नवरदेव आधी जानोशातून, म्हंजे वऱ्हाड उतरते तिथून, वाजतगाजत मारुतीच्या पाया पडाले जाते अन् मंग मांडवात येते. मालक म्हणे, मोटारीतून फिरव. दिवस बुडाले आलता, गावात लाइट नाही, तं म्हणे दिवे लाव, सोयऱ्याइले दिसू दे, अन् थांबलं तरी इंजिन बंद करू नको, उभ्या उभ्या बॅटरी भरत राह्यते. मलेबी तसंच वाटे. समोर बाजा, गाडी पायी माणसाच्या चालीनं, दिवे चालू, हारन चालू. जानोशापाशी कितीतरी वेळ उभी, मारुतीपाशी उभी, अन् तिथंच दिवे पिवळे पडले अन् इंजिन बंद. ढकलून पाह्यलं, काही नाही. शेवटी काय सांगू तुम्हाले, मोटारीले बैल जुंपले तवा नवरदेव मांडवात आला, अन् वऱ्हाडी पोट धरून हासून राह्यले.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर चार माणसाइसमोर मालक म्हणे, चालू इंजिनात नवी बॅटरी मरतेच कशी, किसन, तू नवी विकली अन् जुनी बसवली. मले चोर म्हणलं हो. नोकरी जाईन याचं भेव होतं, पण त्याहून तो शब्द लागला. घरी आलो तं मले सगळ्याइचाच संशय, दुकानदाराचा, बाजावाल्याचा, कोण्या सोयऱ्यानं वायर काढली का याचाबी.

माझी बायको सरू वरातीत गाडीच्या बाजूनं चालत होती. ते म्हणे, स्टेअरिंगपाशी तो लाल दिवा काऊन जळून राह्यला होता? तुम्ही मले गाडीतून फाट्यावर नेलतं तवा तं विझला होता.

बॅटरी खामगावहून भरून आणली, मालकाले बाजूले बसवलं. गाडी उभी, इंजिन चालू, तं लाल दिवा जळे. सडकेवर पळवली की विझे. परत हळू केली की जळे. म्हणलं, मालक, हा दिवा जळते म्हंजे बॅटरी भरत नाही, वीज करणारा डायनामो जोरानं फिरला तवाच भरते, उभ्या गाडीत उलटी रिकामी होते. मालक हं म्हणले. चुकलं म्हणले नाहीत.

मंग म्या काय केलं, रोज सकाळी गाडी ओसरीसमोर आणो, बॉनेट उचलो अन् म्हणो, मालक, बॅटरी पाहून घ्या. ते मुकाट येत, पाहत, मान हालवून हाव म्हणत अन् जात. लय वर्षं चाललं हे. पुढं मालक खाटेले लागले, तरी मी खिडकीखाली गाडी आणो, तेच म्हणो. एक दिवस त्याइनं मले आत बोलावलं अन् म्हणाले, किसन, म्या सडकेवर तवाच पाह्यली होती रे, आता नको दाखवू. बाहेर येऊन बॉनेट लावलं अन् तिथंच रडलो.

आता पोराची गाडी आहे. तो म्हणते, बाबा, नव्या गाडीत उभ्या उभ्याबी थोडी भरते. भरत असंल बापा, देव त्याले सुखी ठेवो. पण तो गाडी दारात लावून आत गेला की मी बॉनेट उचलून पाहतो, अन् पाहून झालं की तोंडातून हाव निघते.