पुंजण्याभोवती सापडलेला भात

पोलीस ठाणे, गोंदिया, जिल्हा भंडारा.
सोमवार, ता. १४ डिसेंबर १९३६, सकाळी नऊ वाजता.

नाव कवडू वल्द बकाराम. वय अंदाजे साठ वर्षे. धंदा शेती. राहणार मौजा उमरटोला, तहसील गोंदिया.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी वच्छला हिच्यासह राहतो. घरात तिसरे माणूस नाही. मुलगी शकुंतला हिचे लग्न गेल्या वैशाखात फुलचूर येथे झाले. गावाच्या पूर्वेस नाल्याकाठी माझी धानाच्या शेताची बांधी आहे. तिला लागून नंदलाल वल्द भैय्यालाल याची बांधी आहे. मध्ये एकच धुरा, म्हणजे मातीचा बांध, आहे. आमचे वैर नाही.

घटनेतील कुत्रा माझा आहे. वय चार महिने, रंग तांबडा, डावा कान पडलेला. शकुंतला दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिने तो टोपलीत घालून आणला. "बाबा, घर लय गप झालं. हा बोलन," असे ती म्हणाली. कुत्र्याचे नाव जमादार आहे. ते या ठाण्यातील कोणास उद्देशून ठेवलेले नाही. या जबाबात त्याला पिल्लू असे लिहिण्यास माझी हरकत नाही.

ता. २७ नोव्हेंबरच्या सुमारास आमचा धान कापून झाला व भारे रचून पुंजणा उभा केला. मळणी होईपर्यंत पुंजण्याची राखण करावी लागते. म्हणून मी, वच्छला व पिल्लू बांधीतल्या तणसाच्या झोपडीत निजू लागलो. आमच्याकडे रीत अशी आहे की, रात्री एकाच्या शेतात कुत्रा भुंकला की बाकीच्या राखणदारांनी डबे वाजवायचे व काठ्या घेऊन धावत यायचे. चोर व आग यांसाठी ही रीत आहे. पिल्लू पहिल्या रात्री चार वेळा भुंकले. चारही वेळा सगळे आले. चोर नव्हता, आगही नव्हती. असे आठ रात्री चालले.

ता. ५ डिसेंबर रोजी रात्री धावत येताना नंदलाल नाल्यात पडला. पाणी गुडघाभर होते, परंतु थंड होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व राखणदार माझ्या झोपडीशी जमले. नंदलाल म्हणाला, "कवडूभाऊ, तुजा जमादार आमाले झोपू देऊन नाही राह्यला. खरा चोर येईन तवा आमी डोळे मिटून पडून राहू." असे ठरले की, अमावस्येपर्यंत पिल्लू गप्प झाले नाही तर त्याला बोऱ्यात घालून बाघ नदीपार सोडायचे. बोलणे रास्त होते. मी हो म्हणालो. वच्छलाने त्या दिवशी दुपारी स्वयंपाक केला नाही.

पिल्लाला गप्प करण्याचे काय उपाय केले, असे विचारल्यावरून सांगतो की, मी प्रथम त्याला रागावलो. नंतर बांधले. नंतर टोपलीखाली झाकले. तेव्हा ते टोपलीसह पळाले. अंधारात चालणारी टोपली पाहून दुसऱ्या शेतातला कुत्रा भुंकला व सगळे पुन्हा आले. मग वच्छला मला म्हणाली, "तुमी कायले ओरडता त्याच्यावर? त्याले भेव लागते. दिवसा पुंजणा, राती हत्ती. दोन्ही एकच होय, हे त्याले कोनी सांगतलं का?"

हे खरे होते. दिवसा पिल्लू पुंजण्याच्या सावलीत झोपत असे. भुंके ते रात्री, व नेहमी पुंजण्याकडेच तोंड करून.

ता. ६ पासून रोज रात्री जेवण झाल्यावर मी, वच्छला व पिल्लू असे पुंजण्याला फेरी घालू लागलो. कंदील वच्छलाच्या हातात असे. शिळ्या भाताचे गोळे माझ्याजवळ असत. जेथे पिल्लाच्या पाठीवरचे केस उभे राहत तेथे आम्ही खाली बसत असू. ओढत नसू. केस बसले की एक गोळा पुढे टाकायचा व पाच हात सरकायचे. पिल्लाशी बोलायचे. काय बोललो ते लिहिण्याची गरज नाही. पुंजण्याजवळ मी बिडी ओढलेली नाही. चौथ्या रात्री पिल्लाने माझ्या पुंजण्यावर पाय वर केला. ती भीती तेथे संपली.

नंदलालच्या पुंजण्याची भीती राहिली. तो मोठा आहे. दृष्ट लागू नये म्हणून त्यावर काळे मडके पालथे घातले आहे व त्याला चुन्याने डोळे व दात काढले आहेत. दात नंदलालने स्वतः काढले असून ते चांगले जमले आहेत. ता. १० पासून आम्ही धुरा ओलांडून त्या पुंजण्याला फेरी घालू लागलो. पिल्लाला माझा वास यावा म्हणून माझी जुनी बंडी त्यात खोचली. जप्त केलेली बंडी तीच. पिल्लू जो भात खाण्यास पुढे गेले नाही तो तसाच पडून राहिला. नंदलालला आधी सांगायला हवे होते. मला वाटले, तो हसेल.

नंदलालला सकाळी पुंजण्याभोवती भाताचे गोळे दिसले. रात्री फिरणारा कंदील त्याने पाहिला होता. त्यात अमावस्याही जवळ आली होती. मी करणी करतो असे समजून त्याने ठाण्यात खबर दिली.

काल ता. १३, रविवारी, अमावस्या होती. त्या रात्री कंदील धुऱ्यावरच ठेवला व आम्ही उजेडाशिवाय पुढे गेलो. पुंजण्यामागे नंदलाल, गावचा कोतवाल शालीकराम व एक शिपाई लपले आहेत हे आम्हास माहीत नव्हते. पिल्लू दहा हातांवर थांबले. मी म्हणालो, "पाह्य रे बापू, मडका होय. त्याले दात हायेत, पण पोट नाही." पिल्लू आपणहून चालत मडक्याखाली गेले व बसले.

तेव्हा नंदलाल डोक्यावर घोंगडी घेतलेला असा बाहेर आला व "धरला! करनी करून राह्यला!" असे मोठ्याने ओरडला. पिल्लाने एकदा नंदलालकडे व एकदा मडक्याकडे पाहिले. नंतर त्याने नंदलालच्या हातातला भात खाल्ला. तो भात नंदलालने पुरावा म्हणून उचलला होता.

नंदलालचे ओरडणे ऐकून चारही बाजूंनी डबे वाजले व सगळे राखणदार धावत आले. शिपाई म्हणाला, "अरे, ये तो कुत्ते को पढ़ा रहा है." मग तो खाली बसून हसू लागला.

शालीकराम कोतवालाने विचारले, "नंदलाल, आज अमावस्या होय. कुत्रा भुंकला का?"

नंदलाल म्हणाला, "नाही."

"जोरानं सांग. सारे आले हायेत."

"नाही भुंकला म्हनलं ना!"

शिपायाने शंका काढली की, तीन माणसे लपलेली असता न भुंकणारा कुत्रा राखणीच्या काय कामाचा. त्यावर वच्छला म्हणाली, "काऊन, तुमी चोर होता का?"

पिल्लाला नदीपार सोडायचे नाही, असे सर्वांनी तेथेच कबूल केले. नंदलालने सर्वांत शेवटी केले. त्या वेळी पिल्लू त्याच्या घोंगडीत होते. बाहेर थंडी असल्याने त्यानेच घेतले. ते पहाटेपर्यंत त्याच्याच झोपडीत राहिले व एकदाही भुंकले नाही, असे त्याने आज सकाळी स्वतः येऊन सांगितले. वच्छलाने सकाळी दोघांचा स्वयंपाक केला, तो पिल्लासह तिघांनी खाल्ला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नंदलालने आपली खबर मागे घेतली आहे, असे मला सांगण्यात आले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तेच यात आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून अंगठा देतो. पिल्लू माझ्या मांडीवर झोपले असल्याने मला उठता आले नाही. शाई व कागद साहेबांनी खाली आणून दिले.

निशाणी डावा अंगठा, कवडू वल्द बकाराम.