आईला आवडणारं मरण

आमच्या आईची गंमत सांगतो. हळर्णच्या किल्ल्यावर शूटिंग होतं आणि तिचा लाडका म्हातारा नट आला होता. सर्वणहून बस बदलत मी तिला घेऊन गेलो. तो खुर्चीत बसून चहा पीत होता. आई थेट समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचा एकही सिनेमा मी सोडत नाही."

"माझं काय आवडतं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"तुमचं मरणं," आई म्हणाली. मला तोंड कुठे लपवू असं झालं. "बाकीचे छाती धरून लोळतात. तुम्ही बोलता बोलता गप्प होता. आमचे बाबा तसेच गेले."

त्यानं कप खाली ठेवला. "पण बाई, या सिनेमात मी शेवटपर्यंत जिवंत आहे."

आईनं जरा विचार केला. "बरं केलंत. एकदा तरी जगून घ्या."