पुढं घाट हाय!

काका! दोष सगळा काकाचा, आमच्या रामभाऊ काकाचा, आणि हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या कर्जतकडच्या कळंबमध्ये कुणालाही विचारा, म्हणतील, योग्यानं इटलीत गाडी चुकवली... योग्या म्हणजे मी, योगेंद्र, इंजिनिअरिंग अर्धं सोडलेला, म्हणजे गावात काहीही बिनसलं की ज्याच्याकडे बघायचं तो! अहो, मी चुकवली? मी तर जागेवरून उठतच नव्हतो!

तुम्हाला सांगतो, काकाचं कळंबला रिसॉर्ट आहे, शेजारचा रिसॉर्टवाला युरोप करून आला आणि याला इटली लागली, उचकी लागावी तशी. बरोबर रूपाकाकी, त्यांची मुलगी जागृती आणि मी. मला का नेलं? मायेनं? हॅ! बॅगा उचलायला आणि मोबाईलवर रस्ता बघायला. त्यात माझा पासपोर्ट काकानं स्वतःच्या पोटाला बांधलेल्या पाकिटात कोंबलेला. "तुजा भरवसा नाय रं, कालेजातनं पळालास, देशातनं बी पळशील!"

आता खरं सांगू? जायचंच होतं मला. पण पळून नाही, सांगून! मोहोपाड्याचा साईनाथ, माझा दोस्त, मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी आहे, आणि त्याची बोट नेमकी त्याच दिवशी व्हेनिसच्या बंदराला लागलेली. तो म्हणाला, "संध्याकाळी बोट सुटायच्या आत गेटवर ये, हेडशेफला तोंड दाखव. तो मानूस बघून काम देतो, मार्कशीट बघून नाय." ऐकलंत? मार्कशीट बघून नाही! माझ्याशी इतकं गोड आजवर कोण बोललंय? आणि रोम ते व्हेनिस एकच गाडी, कुठे बदलायची नाही, बसायचं नि उतरायचं. आंधळासुद्धा पोचला असता... पण आंधळ्याबरोबर काका नसता ना!

सकाळी रोमच्या दगडी रस्त्यावर बॅगेचं चाक निखळलं, बॅग माझ्या डोक्यावर, आणि काका पुढे, हात मागे बांधून, बांधावरून भात बघत निघाल्यासारखा. तरी मी मागोमाग! एवढी एक गाडी, म्हटलं, एवढी एक गाडी...

मध्ये फ्लॉरेन्स आलं, गाडी थांबली, काकानं खिडकीतून लांबचे डोंगर बघितले आणि ताडकन उभा राहिला.

"पुढं घाट हाय!"

आता तुम्ही कर्जतकडचे नसाल तर सांगतो. आमच्याकडे पुण्याला जाणारी लांबची गाडी कर्जतला थांबते, घाट चढायला तिला मागून जादा इंजिन लावतात, आणि ते लागेपर्यंत फलाटावर उतरून वडा खायचा, हे आमच्याकडे मुंजीसारखं, लग्नासारखं ठरलेलं! म्हटलं, "काका, अवो, ही इटली हाय, हितं बोगदे हायत, बसा खाली!" (तोंडावर 'तुमी', मागे 'तो'. एवढे संस्कार आहेत माझ्यावर.)

"आमाला शिकवतो काय रं? डोंगर काय परदेशी असतो? चढ तो चढ!"

आणि नशीब बघा! त्याच क्षणी गाडीचा ड्रायव्हर पुढून उतरला आणि पिशवी खांद्याला लावून गाडीच्या शेपटीकडे चालू लागला. का? तर त्या स्टेशनात रूळच संपतात, गाडी ज्या बाजूनं आत येते त्याच बाजूनं उलटी बाहेर पडते, म्हणून ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला जातो. पण हे काकाला कोण सांगणार?

"बग! चालला का मागं? इंजिन लावाया चालला! पुढं घाट हाय!" आणि उतरला!

मी हललो नाही. शपथ! तर रूपाकाकी, "जा रं बाबा, हरवतील ते... आनि तुजा पासपोर्ट त्यांच्या पोटाला हाय."

उतरलो.

काकानं दुकानात बोट दाखवून एक तळलेला गोळा घेतला, चावला, आणि बोंबलला, "आत बटाटा नाय, भात हाय! भात खायाला इटलीत आलो व्हय मी?" मिशीपासून हातापर्यंत चीजची तार लोंबतेय, आणि मागे दारं बंद, गाडी चालू... उलटी! काका हसतोय, "जोडताना मागं-पुढं करत्यात रं, येईल." येईल! रूळ रिकामा, फलाट रिकामा, आणि हा उभा, गाडी परत यायची वाट बघत! जागृतीचा फोन, "दादा, गाडी सुटली, आई रडतेय, बाबांचा फोन पण हितंच हाय!"

मग मात्र मी हात पुढे केला. "पासपोर्ट. आत्ता."

"मोठ्यांशी असं बोलत्यात?"

"मोठे असे उतरत्यात?"

दिला! पोटाचं पाकीट सोडून दिला. आणि व्हेनिसची पुढची जलद गाडी समोर उभी, बोट गाठून देणारी, सीट शिल्लक एक. एकच! वळून बघितलं. भाषा नाही, फोन नाही, मिशीला चीज... माया नाही हो, गैरसमज नको! पण गावात तोंड दाखवायचं होतं ना! सोडली ती गाडी.

दोन तिकिटं मिळाली ती गाडी सगळ्या गावांना थांबणारी. दोघं तोंडं फिरवून बसलेलो. डोंगर जवळ आला, गाडी बोगद्यात शिरली, अंधार, पलीकडे निघाली तर सपाट शेतं. काका हळूच म्हणतो, "घाट कुठं हाय रं?"

"संपला."

व्हेनिसला पोचलो तोवर दिवे लागलेले. साईनाथचा मेसेज होता, बोट सुटली, शेफनं दुसरा पोरगा घेतला.

काका आता पाहुण्यांना हात नाचवत सांगतो, "आमच्या पुतन्यानं इटलीत गाडी चुकवली, पन मी घाबरलो नाय!" सांगू दे. मीही सगळ्यांसमोर ओरडतो, "काका, पुढं घाट हाय, उतरता का?" की लगेच पाहुण्यांना चहा विचारायला उठतो.

एका वड्यापायी माझी बोट गेली. आता मी काकाच्या रिसॉर्टवर नाश्त्याचे वडे तळतो.