पाचपैकी दोन

हॅलो?… हां ताई… थांब, कानावर पेन्सिल खोचलीय, ती काढते आधी… हां, बोल. म्हणजे लवकर बोल. चारला साहेब यायचेत आणि माझ्यापुढे कागदांचे दोन गठ्ठे पडलेत…

सहज?… दुपारी साडेतीनला सहज?… बरं, सहज तर सहज. उलट बरंच झालं. मला कुणापुढे तरी बडबडायचंच होतं, भिंतीशी बोलायची वेळ आली होती माझी…

अगं तेच. प्रशिक्षण. हॉस्पिटलातल्या मावश्यांना, मामांना पेशंट उचलायचं, कुशीवर वळवायचं, सरकवायचं शिकवते ना मी… हो, तेच ते, चार दिवसांचं. अठ्ठावीस जणांची बॅच होती, काल संपली. मला उभं राहवत नाहीये आज… नाही गं, ताप वगैरे नाही. नुसती दमलेय.

ऐक तर. पहिल्या दिवशी सकाळी, काही शिकवायच्या आधी, एक कागद भरून घ्यायचा असतो. त्यावर एकच प्रश्न. ‘पेशंट उचलायचं काम तुम्हाला किती जमतं? पाचपैकी गुण द्या.’… नाही, मी नाही द्यायचे गुण, त्यांचे त्यांनीच द्यायचे. आणि शेवटच्या दिवशी परत तोच कागद, तोच प्रश्न. मग दोन्ही गठ्ठे साहेबांकडे. म्हणजे वरच्यांना कळतं म्हणे, शिकवल्यामुळे माणसं किती सुधारली ते.

तर कळलं! आधीचा गठ्ठा बघ… चार, पाच, पाच, चार, पाच. आणि नंतरचा? दोन. दोन. तीन. दोन. एकीनं तर एक दिलाय स्वतःला… हसतेयस काय?… मग आवाज कसला तो?… कोण खोकतंय, आप्पा?… बरं, त्यांना गरम पाणी दे.

मला कळत नाही ते हेच गं. चार दिवस सगळे माना डोलवत होते. एकमेकांना कॉटवर झोपवून सगळं करून दाखवलं. नीट केलं, मी बघत होते ना. एक मामा तर विचारत होते, बाई, ती सरकवायची चादर दोन दिवस घरी नेऊ का, आईसाठी. आणि शेवटी गुण दोन! म्हणजे मी चार दिवस घसा फोडून काय केलं, तर त्यांना येत होतं तेही घालवलं… साहेब काय म्हणाले माहितीय? म्हणाले, बाई, हे पालथ्या घड्यावर पाणी नाही, हा घडाच फुटला.

हो ना… आता हे वर गेलं की पुढची बॅच बंद. साठ माणसं थांबलीत पुढच्या बॅचला. आणि मी परत तळघरात, जुन्या फाइलींना दोऱ्या बांधायला… ते सोड. फाइली काय, बांधीन. पण तू कधी वॉर्डात सकाळी सातला उभी राहिलीस का? चादरी बदलायच्या वेळी? एकेका पेशंटचं ‘आई गं’ जिन्यापर्यंत ऐकू येतं. त्यांचा काय दोष? आणि मावश्यांचा तरी काय? शिकवलंय कुणी त्यांना?

काय?… हो, हो, दोन मिनिटं, सांगतेच. साहेबांनी उपाय काढलाय. कागदांवर तारीख नाहीये, तारखेचा शिक्का मीच मारायचाय. तर म्हणाले, हा गठ्ठा तिकडे ठेवा, तो इकडे. आधीचा तो नंतरचा, नंतरचा तो आधीचा. झालं! दोनाचे पाच… वाईट नाहीत गं साहेब, त्यांनाही हे चालू राहायला हवंय… हो, खोटंच. मला कळत नाही का खोटंय ते? पण अर्धा तास शिक्का हातात घेऊन बसलेय ताई, आणि खरं सांगू, मारावासाच वाटतोय. भांडायचं त्राण नाही राहिलं. कुणाशी भांडू? आणि काय तोंडानं? आकडेच सांगतायत की मला शिकवता येत नाही.

तुला काय वाटतं?… ताई?… ऐकतेयस ना?… कुणाशी बोलतेयस मधेच?… ‘तसेच बसा’? कुठे बसा?… आप्पा कुठे बसलेत?… ताई. खरं सांग… जमिनीवर?!

कधीपासून?… वीस मिनिटं! आणि मी इथे पुराण लावून बसलेय! अगं, पहिल्या वाक्यात सांगायचं नाही का!… हो. मी बोलू दिलं असतं तर ना. बरोबर. चूक माझी. आता सांग.

पडले की घसरले?… पलंगावरून उठताना. डोकं आपटलं?… नक्की? मागून हात लावून बघ… खुब्याला दुखतंय का, मांडीत?… तू नको सांगूस, त्यांना विचार… नाही म्हणतायत? पाय हलवायला सांग. दोन्ही… उजवा अधूच, तो नेहमीइतका हलतोय. ठीक. बोलणं स्पष्ट आहे?… काय म्हणाले?… ‘पेपर आणून दे, इथंच वाचतो’? हां. मग शाबूत आहेत.

भाऊजी कधी येतील?… सातला. शेजारी?… कुलूप. बरं…

नाही! ताई, नाही! काखेत हात घालून ओढायचं नाही!… केलंस? दोनदा? तरीच म्हटलं धाप कसली लागलीय तुला… हो गं बाई, माहितीय. तीन वर्षं रोज उचलतेस, तुला येतं. मी कुठं नाही म्हणतेय? पण ते पलंगावरून खुर्चीत. हे जमिनीवरून. तुझी कंबर मोडेल आणि त्यांचा खांदा निखळेल. मग दोघं बसा जमिनीवर पेपर वाचत… नाही, माझं ऐक. एवढ्या वेळी ऐक. फोन स्पीकरवर टाक आणि स्टुलावर ठेव.

आप्पा, मी बोलतेय, धाकटी. ऐकू येतंय?… ओरडू नका, मला येतंय. आता आपण तुम्हाला उठवायचंय. चूक बोलले, तुम्ही उठायचंय… कसे म्हणजे? सांगते ना. मधे कुठेही दुखलं तर थांबायचं आणि मोठ्यानं सांगायचं. लपवायचं नाही.

ताई, दोन खुर्च्या आण. लाकडी, जड. प्लास्टिकची नको, ती दगा देते… आणल्या? एक भिंतीला पाठ टेकवून ठेव, बैठक आप्पांकडे. दुसरी हाताशी राहू दे. आणि एक गोधडी घडी करून त्यांच्या गुडघ्यांपाशी टाक, फरशी टोचेल.

आता तू हात मागे बांध… हो, पाठीमागे. मी मावश्यांनाही तेच सांगते… अगं, हात मोकळा असला की तो आपोआप काखेत जातो.

आप्पा, डाव्या कुशीवर वळा. सावकाश, कुणी घड्याळ लावलेलं नाही… आता कोपरावर जोर… आता तळहात. बसू नका, पुढे झुका. दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे… हो, रांगल्यासारखं… काय?… म्हणा, म्हणा, ‘या वयात रांगायला लावते’ म्हणा, पण रांगा. मला तुम्हीच शिकवलंत ना रांगायला? फिटेल की ते… ताई, हसव नको त्यांना, तोल जाईल.

थांबा. श्वास घ्या… अजून एक… ताई, तुझे हात कुठायत?… मागे. शाब्बास.

आता पुढच्या खुर्चीपर्यंत या. दोन्ही हात बैठकीवर, पूर्ण तळवे. टेकलात?… आता चांगला पाय पुढे. डावा. तळवा जमिनीवर सपाट. उजवा राहू दे गुडघ्यावर, त्याला सुट्टी… तसं. ताई, दुसरी खुर्ची त्यांच्या मागे घेऊन ये. उठायचं काम त्यांचं, खुर्ची सरकवायचं काम तुझं. दुसरं काही करायचं नाही. ते थरथरले तरी ओढायचं नाही. कळलं?

आप्पा, मी तीन म्हणेन तेव्हा हातांवर आणि डाव्या पायावर जोर. एक… दोन… अहो, तीन म्हटल्यावर! परत. एक… दोन… तीन!

…

ताई?… ताई?… अगं, बोल ना काहीतरी, इथे जीव टांगणीला लागलाय…

बसले?… खुर्चीत? नीट?… हुश्श. पाणी दे त्यांना. तूही पी… आता रडतेयस कशाला? बसले ना?… हो. हो, हातही लावला नाहीस तू. बघितलंस ना? अजून आहे जोर त्यांच्यात. आपणच त्यांचं गाठोडं करून ठेवलं…

काय?… ‘तीन वर्षं मी चुकीचंच करत होते’?… अगं वेडी, तुला कुणी शिकवलंच नव्हतं… नाही, ‘मला काहीच येत नाही’ असं नको… थांब. थांब, थांब. ताई, एक सांग. मघाशी, फोन लावलास तेव्हा, मी विचारलं असतं, आप्पांना उचलायचं तुला पाचपैकी किती जमतं, तर काय म्हणाली असतीस?… पाच. ठणकावून पाच. आणि आता?… विचार कर, उगाच मला बरं वाटावं म्हणून नको… दोन?

अगं आई गं…

नाही, नाही, तुला नाही म्हणतेय. माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. त्यांनाही हेच झालं! पहिल्या दिवशी त्यांना ठाऊकच नव्हतं की यात शिकण्यासारखं काही आहे. उचलायचं म्हणजे उचलायचं, दंडात ताकद असली की झालं. पाच! आणि चार दिवसांनी कळलं, वीस-वीस वर्षं आपण काय करत आलो ते. म्हणून दोन. आणि जिनं एक दिलाय ना, ती सगळ्यात शहाणी निघाली गं… आणि मी मूर्खासारखी आकड्यांकडे बघत रडत होते!

साहेबांना?… साहेबांना पटेल. वरच्यांना?… नाही पटायचं. त्यांना आकडा चढताना हवा असतो, बस. पण मी आता गठ्ठे नाही फिरवणार. दोन लिहायला त्या मावश्या-मामांना केवढी हिंमत लागली असेल. मी त्याचे पाच करून ठेवू?… हे बघ, आधीचा इथे, नंतरचा इथे. मारला शिक्का… आला आवाज?… बंद पडलं तर पडलं. मी साहेबांना तोंडानं सांगेन, वॉर्डात सकाळी सातला येऊन उभे राहा म्हणेन. नाहीच ऐकलं, तर तळघर आहेच.

ते जाऊ दे. स्पीकर बंद केलास ना?… आता तुझं सांग. कंबर कशीय?… ‘बरी आहे’ नको. मी काय विचारतेय, पट्टा लावतेस का?… लावतेस. कधीपासून?… मार्च! ताई, मार्चपासून! आणि मला सांगितलं नाहीस?… आप्पांना वाईट वाटेल म्हणून. म्हणजे साडीच्या आत लपवून… अगं…

नाही, मला बोलू दे आता. गावभर शिकवत फिरते मी. अठ्ठावीस परक्या माणसांना चार-चार दिवस देते, आणि सख्ख्या बहिणीला एक दुपार दिली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो दिवा मीच. दर महिन्याला येते, आप्पांशी गप्पा मारते, तुझ्या हातचं आयतं जेवते, डबा भरून नेते. एकदाही बघितलं नाही तू त्यांना कशी उठवतेस ते. बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. हेच तर माझं काम आहे! लाज वाटते गं ताई… नाही, ‘असू दे’ नको म्हणू. लाज वाटू दे मला थोडी.

काय?… आप्पांना बोलायचंय? दे ना… तू कुठे चाललीस?… हां, ती गोधडी वाळत टाक आणि जरा पाठ टेक.

हां आप्पा, बोला… मोठ्यानं बोला, काही ऐकू येत नाहीये… हळूच बोलायचंय?… बरं. ताई गॅलरीत गेली?… मग बोला.

काय?… आज दुखलं नाही. मग चांगलंच आहे की… ‘आज’ म्हणजे?… म्हणजे एरवी?… रोज?

कुठे?… दोन्ही काखांत. खांद्यात… आप्पा, तीन वर्षं?… आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीत? मी दर महिन्याला विचारते, कसं आहे, तर म्हणता मजेत…

हं…

‘ती एवढं करते, तिला कोणत्या तोंडानं सांगू.’… हं. कळलं आप्पा… हो… नाही, रडत नाहीये, घसा बसलाय शिकवून शिकवून… नाही सांगत तिला. कधीच नाही. शपथ… पण तुम्हीही आता सहन नाही करायचं. मी उद्या येतेय. तिला दाखवते सगळं, पलंगावरून, खुर्चीतून, न्हाणीतून. तुम्हालाही शिकावं लागेल, आधीच सांगते… हो, रांगायचंही… द्या, आली वाटतं ती. द्या तिच्याकडे.

हां, ताई… उद्या सकाळी येते मी. रजा टाकलीय समज… नाही, साहेब दारात उभे आहेत, ठेवायला हवा आता…

‘काय म्हणाले आप्पा?’… चहा हवाय म्हणाले.

…एवढंच. हो गं, एवढंच म्हणाले. ठेवते.