महिन्याच्या आतलं नाव

(हाँगकाँग. वादळात छावणीची छपरं उडाली, म्हणून व्हिएतनामी कुटुंबांना एका मोठ्या हॉलमध्ये आणून ठेवलंय. एका खाटेभोवती चादरींचा आडोसा. आत ओली बाळंतीण दिएप आणि तिची सासू खुयेन. बाहेर छावणीच्या कचेरीतल्या याउबाई, हातात यादी.)

खुयेन : चादर उचलू नका, बाई! नऊच दिवस झालेत. आत्ता वारा शिरला अंगात, तर म्हातारपणी सांधे धरतील पोरीचे.

याउ : नाही उचलत, आजी. माझ्याही बाळंतपणात आईनं मला महिनाभर कोंडलं होतं, आल्याच्या वासात.

खुयेन : शहाणी बाई दिसतेय.

याउ : म्हणूनच धावत आलेय. व्हिएतनामला परतीचं विमान मिळेपर्यंत तुमच्या निवाऱ्याला सरकारनं पैसा मंजूर केलाय. दारं असलेल्या खोल्या तयार आहेत. पण खोली तिघांना. दोघं असली तर इथंच, या हॉलमध्ये. आणि माझ्या यादीत तुम्ही दोघीच आहात.

खुयेन : मग हे रडतंय ते काय मांजर आहे?

याउ : नाव कुठं दिलंत त्याचं? बिननावाचं माणूस वरचे साहेब मोजत नाहीत. पाचला यादी जाते.

खुयेन : लिहा, बेडक्या.

याउ : आजी! सरकारी कागद आहे हा.

खुयेन : आठ वर्षं आमच्यात काढलीत, भाषा उचललीत, रीत नाही उचललीत. महिना भरेस्तोवर असलंच काहीबाही म्हणायचं असतं. गोड नाव कानावर पडलं की नेणारे टपलेलेच.

दिएप : आई, सांगून टाका ना. मला दार हवंय हो. माणूस बाजूनं गेलं तरी चादर उडते.

खुयेन : तू पड गप्प. फार बोलू नये अशा अंगानं.

दिएप : बोलणार. इकडं येताना होडीत थोरल्याचं तरी नाव कुणाला सांगितलं होतं आपण? उंदीरच म्हणायचो. तरी बाराव्या दिवशी गेलाच की तो.

खुयेन : नको तो विषय.

दिएप : दरवर्षी त्याच्या तिथीला तुम्ही भात मांडता, उदबत्ती लावता. सगळ्या पितरांना नावानं बोलावता, आणि त्याच्यापाशी येऊन अडता. नुसतं ‘ये रे बाळा’. कुठल्या बाळानं यावं त्या हाकेला?

याउ : मी... मागून येऊ का?

खुयेन : थांबा. निघालात कुठं? याचा बाप मागच्या विमानानं गेला, गावी घर शाकारून वाट बघतोय. त्यालासुद्धा अजून कळवलं नाही मी. आणि आधी तुम्हाला सांगू?

याउ : हळूच सांगा. चादरीला कान लावलाय मी.

खुयेन : थुआन. होडीला मागून मिळतो ना, तसला वारा.

याउ : थुआन. वय, नऊ दिवस. झाले तिघं! खोली तुमची, आजी. दाराला आतून कडी आहे.

दिएप : ऐकलंत, आई? कडी!

खुयेन : ऐकलं गं, बहिरी नाही मी. बाई... आणखी एक नाव लिहाल? थोरल्याचं. तेव्हापासून मनात ठेवलंय, ओठांवर कधी आणलं नाही. त्याला खाट नको, पांघरूण नको.

याउ : सरकारच्या यादीत नाही बसायचं ते. माझ्या वहीत लिहू?

खुयेन : वही चालेल.

याउ : सांगा, आजी. लिहितेय.