फिरून आलेला खण

अक्का : काढ आधी ते जाकीट. भवानीबाईंच्या हळदीकुंकवाला माझ्यासोबत असलं घालून यायचं नाही.

माधवी : का? फाटलंय कुठे, अक्का?

अक्का : फाटलेलं परवडलं! ओटीत आलेले खण जोडून सून कपडे शिवते, हे अख्ख्या देवासला दाखवायचंय?

माधवी : हां, दाखवायचंच आहे. तुमची ट्रंक खणांनी भरलीय. सगळ्या जणी इंदूरहून रेडीमेड आणतात, खण कुणी शिवतच नाही. या ओटीतून त्या ओटीत, बस, घुमते रहो!

अक्का : मान असतो तो.

माधवी : मग मी तो अंगावर घेतला. आज बायकांनी बघितलं तर मला ऑर्डरी मिळतील. जाकीट नाही, तर मीही येत नाही.

अक्का : अगं, बाहीवर पेनानं 'भ' लिहिलेलं दिसतंय! ज्यांचा खण त्यांनाच परत जाऊ नये म्हणून खूण करते मी. ती आत दुमडायची सोडून वर काढलीस?

माधवी : मुद्दाम. याच खणाच्या बाकीच्या कोपऱ्यांवर 'वि' आहे, 'अ' आहे. ती अक्षरं तुमच्या हातची नाहीत. सगळ्याच करतात खुणा, आणि सगळ्याच लपवतात!

अक्का : 'अ'? बघू.

(बाही खिडकीच्या उजेडात धरते.)

अक्का : हा बाग गावचा छापील... इथं ठसा दोनदा पडलाय. माधवी, हा माझा खण गं!

माधवी : तुमचा?

अक्का : तुझे सासरे पीथमपुरला लागले, तेव्हा पहिल्या पगारातून धारच्या बाजारात घेतलेला. दुकानदार बदलून देत होता. हे म्हणाले, राहू द्या, असा दुसरा कुणाकडे नसेल.

माधवी : मग दिलात कसा?

अक्का : शेजारची विद्युल्लता अचानक आली. घरात दुसरं काही नव्हतं. सवाष्ण रिकाम्या ओटीनं कशी पाठवायची? तिनं दिला भवानीबाईंना, आणि त्यांनी मला. मी मेली घडीसुद्धा न उघडता खूण करून ट्रंकेत टाकला.

माधवी : शिवायचा होता तुम्हाला?

अक्का : फार.

माधवी : काढू जाकीट? तुम्ही म्हणाल तसं.

अक्का : काही नको. चल, उशीर होतोय. आणि पदर जरा मागे घे, बाही झाकली जातेय. कुणी हसलंच, तर माझ्याकडे बोट दाखव.