काका गोळ्या चुकवत नव्हते

बायको : तेच सांगतेय, डॉक्टर. कामात डोकं घातलं की यांना गोळ्यांची शुद्ध राहत नाही. म्हणूनच आकडा वाढला.

डॉक्टर : काकू, काकांनी गोळ्या चुकवलेल्या नाहीत.

बायको : घरात मी असते की तुम्ही?

डॉक्टर : प्रोस्टेटचा कॅन्सर ज्या हार्मोनवर पोसतो, ते यांच्या रक्तात जवळजवळ उरलेलंच नाही. म्हणजे औषध पोटात जातंय. तरी कॅन्सर किती वाढला ते दाखवणारा रक्तातला आकडा, पीएसए, चार महिन्यांत सहावरून चाळिसावर गेला. कॅन्सरच आता त्या औषधाला जुमानत नाही. हे मी काकांना मागच्या खेपेला सांगितलं होतं.

बायको : मागच्या खेपेला? त्याला दीड महिना झाला.

सुतार : सांगणार होतो गं.

बायको : कधी? तुमच्या बहिणीसमोर मी तुम्हाला निष्काळजी म्हटलं. मान खाली घालून ऐकून घेतलंत. मला का वेड्यात काढलंत?

सुतार : तू चिडायचीस, म्हणजे तुला वाटत होतं, मी गोळ्या नीट घेतल्या की बरा होईन. तेवढंही कशाला काढून घेऊ?

(बायको खिडकीकडे तोंड फिरवते.)

सुतार : पुढचं बोला, डॉक्टर.

डॉक्टर : कॅन्सर कमरेच्या हाडात पसरलाय, तिथल्या गाठीचा तुकडा काढून तपासू. औषधातून पेशींनी कुठून पळवाट काढली ते कळलं, तर जुन्या गोळीच्या जोडीला दुसरी देऊन ती वाट बुजवता येते का, असा प्रयोग इथे चालू आहे. काहींना जुनं औषध परत लागू पडलंय.

सुतार : काहींना म्हणजे?

डॉक्टर : आमच्याकडे दहांतल्या तिघांना. तेही काही महिनेच. थकवा फार येतो.

सुतार : रंधा मारता येईल?

डॉक्टर : सुरुवातीला तरी नाही.

सुतार : एका गिऱ्हाइकाची चौकट अर्धवट पडलीये.

बायको : दुसरा सुतार करेल ती. तुम्हाला हे करायचंय का, तेवढं बोला. माझ्याकडे बघून नको.

सुतार : भीती वाटते. पण करायचंय.

बायको : तुकड्याचं कधी कळेल, डॉक्टर?

डॉक्टर : तीन आठवड्यांनी.

बायको : तीन आठवडे. आणि तोवर आम्ही काय करायचं?

सुतार : तोवर घरी जाऊ. ऊठ. आणि जिन्यात जरा हात दे मला. उतरताना कंबर धरते, हेही सांगितलं नव्हतं तुला.